पाकिटातला वाटाणा आणि तळ्यातली मासोळी

पत्र : मावशी, नमस्कार. लाखनीच्या पुढे आमचं गाव आहे. गावाला तळं आहे, मंगळवारी आठवडी बाजार भरतो. महिन्यातून एकदा आम्ही भंडाऱ्याला जाऊन सुपरमार्केटमधून किराणा भरतो. तीन-चार महिन्यांपासून मी तिथून फ्रोझन मटार (२२० रुपये किलो), मिक्स भाजी आणि बासा माशाचे बिनकाट्याचे तुकडे (४८० रुपयांचं मोठं पाकीट) आणते. मुलगा पाच वर्षांचा आहे. काट्याला घाबरतो, हे तुकडे मात्र आवडीनं खातो. सासूबाई या पाकिटांना हातही लावत नाहीत. "बरफात पडून रायलेली मासोळी, तिले का चव अन् का सत्व?" म्हणतात. घरधनी म्हणतात, शहरात सगळे हेच खातात, स्वच्छ असते. दोघांच्या मधात मी. खरंच सत्व राहतं का? पैसे वसूल होतात का? सासूबाईंना काय सांगू? आणि उन्हाळ्यात तासन्‌तास लाईट जाते, तेव्हा ते खावं की फेकावं? — एक सून

बेटा, तुझं पत्र दोनदा वाचलं. लाईटचा प्रश्न तू सगळ्यात शेवटी, जाता जाता विचारलास. मला मात्र तोच पहिला वाटतो. बाकीची उत्तरं त्याच्यावरच अवलंबून आहेत.

गोठवलेलं अन्न चांगलं राहतं ते एका अटीवर. कारखान्यातून निघाल्यापासून तुझ्या कढईत पडेपर्यंत ते उणे १८ अंशांच्या वर चढायला नको. आपल्याकडच्या अन्नसुरक्षेच्या नियमांतही गोठवलेल्या मालासाठी हाच आकडा आहे. एवढ्या थंडीत जंतूंची वाढ थांबते, पण ते मरत नाहीत. माल सुटला, पाणी झालं, की ते पुन्हा कामाला लागतात. युरोपात २०१८ साली गोठवलेल्या मक्याच्या दाण्यांतून लिस्टेरिया नावाच्या जंतूची लागण पसरल्याचं उघड झालं होतं, माणसं दगावली होती. म्हणून पाकिटावर काहीही छापलेलं असो, हे दाणे कोशिंबिरीत कच्चे घालू नकोस, चांगले शिजव.

गोठवण्यात कसब आहे ते वेगाचं. भाजीच्या, मासोळीच्या कणाकणात पाणी असतं. ते हळू गोठलं की बर्फाचे मोठे, टोकदार खडे तयार होतात आणि आतल्या पेशी फाटतात. कधी वाटलं तर पालकाचं एक पान बर्फाच्या कप्प्यात रात्रभर ठेव आणि सकाळी काढून ताटलीत टाक. दहा मिनिटांत त्याचा लगदा होईल आणि ताटलीत हिरवं पाणी सुटेल. तेच पाणी झपाट्यानं गोठलं तर खडे बारीक राहतात, पेशी शाबूत राहतात. हे ध्यानात आलं ते क्लॅरेन्स बर्ड्सआय नावाच्या एका अमेरिकन माणसाच्या. १९१२ च्या सुमारास तो कॅनडातल्या लॅब्रॅडॉर भागात गेला होता. तिथले इन्युइट लोक हाडं गोठवणाऱ्या वाऱ्यात मासे पकडायचे, पाण्याबाहेर काढताच मासा दगडासारखा व्हायचा, आणि महिन्यांनी शिजवला तरी ताज्यासारखा लागायचा. त्याच निरीक्षणावर आजचा हा सगळा धंदा उभा आहे. आता कारखान्यात उणे ३०-४० अंशांच्या वाऱ्यात वाटाण्याचा दाणा दाणा सुटा उडवत काही मिनिटांत गोठवतात. म्हणून चांगल्या पाकिटातले दाणे हलवले की खडखड वाजतात.

आता आपल्याकडचं बघ. कारखाना कुठेतरी दूर, तिथून नागपूर, नागपूरहून भंडारा, तिथून तुझी पिशवी, बस, ऑटो आणि घरचा फ्रीज. बाहेर नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात कडक नऊ दिवस, तापलेला. या वाटेत साखळी कुठे तुटली ते पाकिटावर लिहिलेलं नसतं. सासूबाई जे म्हणतात ते कारखान्याला लागू नाही, पण या वाटेला पुरतं लागू आहे.

मला याचा चटका बसलेला आहे. अकरा-बारा वर्षं झाली, मे महिना होता. नागपूरहून गोठवलेल्या सुरमईचं पाकीट घेऊन निघाले. बस मौद्याच्या अलीकडे बंद पडली, दुसरी गाडी यायला तीन तास लागले. घरी पोचले तेव्हा पाकीट मऊ पडलं होतं. वास येत नव्हता, रंग बरा होता, पैसे मोजलेले होते. मी ते उचलून परत बर्फाच्या कप्प्यात टाकलं आणि दोन दिवसांनी तळलं. जेवून अर्धा तास झाला नसेल, तोंड लालबुंद झालं, मानेवर गांध्या उठल्या, डोकं ठणकायला लागलं. यांचीही तीच गत. डॉक्टरांच्या गोळीनं उतरलं. आम्ही समजलो, मासोळीची ॲलर्जी. ती ॲलर्जी नव्हती. सुरमई, बांगडा, ट्यूना या जातीच्या माशांत हिस्टिडीन नावाचा घटक भरपूर असतो. मासा गरम राहिला की जंतू त्याचं हिस्टामिन नावाचं द्रव्य करतात, त्यानंच हा त्रास होतो, आणि एकदा झालेलं हिस्टामिन तळून जात नाही, उकळून जात नाही, पुन्हा गोठवूनही जात नाही. वासावरून ते ओळखू येईलच असं नाही. मी वासावर भरवसा ठेवला, तिथेच चुकले. तू तसं करू नकोस.

म्हणून तुझ्यासाठी पहिलं काम. एका स्टीलच्या वाटीत पाणी घे, बर्फाच्या कप्प्यात ठेवून घट्ट गोठू दे, मग त्यावर रुपयाचं नाणं ठेव आणि वाटी तिथेच राहू दे. लाईट जाऊन आली, किंवा तुम्ही दोन दिवस माहेरी जाऊन आलात, की आधी ती वाटी बघायची. नाणं वरच आहे, तर सगळं ठीक. नाणं बर्फात खाली गेलेलं दिसलं, म्हणजे मधल्या वेळात बर्फाचं पाणी झालं आणि लाईट आल्यावर पुन्हा गोठलं. वाटीतलं पाणी सुटलं तेव्हा मासोळीही सुटली होती. ती फेकायची. जीव हळहळतो, पण फेकायची.

लाईट गेलेली असताना फ्रीज उघडायचा नाही, पोरालाही सांगून ठेव. मोठा, गच्च भरलेला डीप फ्रीझर बंद राहिला तर दोन दिवस थंडी धरतो. आपल्या एका दाराच्या फ्रीजच्या कप्प्याचं तसं नसतं, तो काही तासांत हार मानतो. लाईट आल्यावर पाकीट अजून कडक असेल, आत बर्फाचे कण दिसत असतील, तर परत गोठवायला हरकत नाही, फक्त चव थोडी उतरते. मऊ झालं पण फ्रीजमधल्या पाण्याइतकं गार आहे, तर लगेच शिजव आणि त्याच दिवशी संपव. गारवाच गेला असेल तर नको. शिजवलेलं किंवा सुटलेलं अन्न बाहेर दोन तासांवर ठेवू नये असं म्हणतात, पण तो हिशोब थंड मुलखातला. हवा ३२ अंशांच्या वर असली की एकच तास धरायचा, आणि आपल्याकडे मार्च ते जून दुसरं काय असतं?

अजून एक. काही फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यावर चांदण्यांची खूण असते. वीजबचतीचे जे स्टार दारावर चिकटवलेले असतात ते हे नव्हेत. कप्प्यावरची एक चांदणी म्हणजे उणे ६ अंश, दोन म्हणजे उणे १२, तीन म्हणजे उणे १८. एका चांदणीच्या कप्प्यात गोठवलेला माल आठवडाभर, दोनाच्यात महिनाभर. महिन्याचा साठा भरताना आधी ही खूण बघ. खूण नसलेला जुना एकदारी फ्रीज असेल तर एका चांदणीचाच समज.

आता सत्वाचं. इथे मी घरधन्यांच्या बाजूनं बोलणार आहे, सासूबाईंनी रागावू नये. वाटाणा तोडला की त्याच घडीपासून त्यातली साखर पिठूळ होऊ लागते आणि क जीवनसत्त्व उतरू लागतं. कारखान्याचा वाटाणा शेतातून निघाल्यावर काही तासांतच सोलून, उकळत्या पाण्यातून काढून गोठवतात. त्या उकळत्या पाण्यात थोडं क जीवनसत्त्व आणि ब गटातली काही जीवनसत्त्वं निघून जातात, हे खरं. पण त्यानंतरची घसरण जवळजवळ थांबते. उलट तुझ्या मंगळवारच्या बाजारातली पालेभाजी बघ. सोमवारी दुपारी तोडलेली, गोणपाटाखाली रात्र काढलेली, सकाळपासून उन्हात मांडलेली, आणि तू ती गुरुवारी शिजवतेस. त्या पालकात क जीवनसत्त्व किती उरलं असेल? प्रथिनं, चोथा, लोह, कॅल्शियम यांना गोठवण्यानं काही होत नाही. तेव्हा हिवाळ्यात वाडीतून तोडून चुलीवर गेलेला वाटाणा पहिला, गोठवलेला दुसरा, आणि चार दिवसांचा बाजारातला शेंगेतला वाटाणा तिसरा. मी तरी हीच रांग लावते.

पैशाचा हिशोब वाटाण्यापुरता सोपा आहे. एक किलो शेंगा सोलल्या की दाणे निघतात चारशे ते पाचशे ग्रॅम. म्हणजे एक किलो दाण्यांना सव्वादोन किलो शेंगा धर. डिसेंबर-जानेवारीत शेंगा चाळीस रुपये असल्या तर किलोभर दाणे नव्वद रुपयांत पडले. तेव्हा २२० रुपयांचं पाकीट घेणं म्हणजे पैसे वाया. जूनमध्ये त्याच शेंगा दीडशेवर गेल्या की सव्वातीनशेच्या वर हिशोब जातो, त्यात निम्म्या पोच्या निघतात. तेव्हा पाकीट स्वस्त. थोडक्यात, हे पाकीट मार्चनंतर घे.

मिक्स भाजी मात्र सोड. गाजर, बीन्स, मक्याचे दाणे, थोडा मटार. गाजराच्या चौकोनी तुकड्यांना आणि कापण्याच्या मेहनतीला तू दुप्पट पैसे देतेस. घरात दोन बाया आणि एक विळी असताना ते कशाला? वांगं, भेंडी, आलू, टमाटर यांचा तर विचारही नको. कच्चा आलू गोठला की ओला भुसा होतो, टमाटराचं पाणी होतं. आणि पाकिटातल्या तळायच्या वस्तू, ते नगेट अन् फिंगर, ते माझ्या लेखी मासोळीतही नाहीत आणि भाजीतही नाहीत. मागच्या बाजूला घटकांची यादी वाच. मासा किती टक्के आणि मैदा, चुरा, तेल किती, ते कळेल.

एक धोक्याची गोष्ट सांगते. तालुक्याच्या दुकानांत कधी कधी सुट्टा ‘फ्रोझन मटार’ साध्या पिशवीत बांधून मिळतो, ना नाव, ना तारीख. तो बरेचदा वाळलेला वाटाणा भिजवून हिरवा रंग चढवलेला असतो. मूठभर दाणे काचेच्या ग्लासात पाण्यात टाकून, ढवळून, अर्धा तास ठेव. पाणी हिरवं झालं तर उकिरड्यावर टाक, गुरांनाही देऊ नकोस. बंद पाकिटावर अन्नपरवान्याचा चौदा आकडी क्रमांक असतो, तो आणि तारीख बघूनच घे.

आता मासोळी. हा भाग मी जरा सावकाश सांगते, कारण यात तुझे जास्त पैसे जातात.

बासा म्हणजे पंगास जातीचा मासा. व्हिएतनाममध्ये मेकाँग नदीच्या मुखाकडच्या प्रदेशात त्याची प्रचंड शेती होते, आपल्याकडे आंध्रातही पंगास पोसतात. मांस पांढरं, मऊ, वास कमी, काटा काढलेला, म्हणून पोरांना आवडतो. त्यात विष नाही, प्रथिनं आहेत, पोरानं खाल्लं म्हणून काही बिघडलं नाही. पण हृदयाला, मेंदूला चांगली म्हणून ज्या ओमेगा-३ तेलाची चर्चा असते, ते यात फारच थोडं. ते असतं बांगडा, तारली असल्या समुद्राच्या तेलकट माशांत. म्हणजे बासाला तू समुद्राच्या माशाचा भाव देतेस आणि गुण तळ्यातल्या मासोळीइतकेही मिळत नाहीत.

त्यात पाणी. गोठवलेल्या तुकड्यावर बर्फाचा पातळ थर मुद्दाम चढवतात. तो गरजेचाही आहे, त्यानं मांस वाळत नाही, खवट होत नाही. पण थर जाड केला की वजन वाढतं. शिवाय मांसानं पाणी धरून ठेवावं म्हणून फॉस्फेटच्या द्रावणात बुडवण्याची पद्धतही या धंद्यात आहे. तुझं पत्र आल्यावर मी मुद्दाम असंच एक पाकीट आणलं. समोर मोठ्या अक्षरात किलोचा आकडा, मागे बारीक अक्षरात ‘बर्फाशिवाय निव्वळ वजन ८०० ग्रॅम’. चाळणीत ठेवून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात रात्रभर सुटू दिलं. सकाळी खालच्या पातेल्यात पाणी आणि चाळणीत मासा, वजनकाट्यावर ठेवला तर ७६० ग्रॅम. ४८० रुपयांना पाऊण किलो, म्हणजे किलोला सहाशेच्या वर. तव्यावर टाकला तर आणखी पाणी सुटलं, तळायच्या ऐवजी तो शिजूनच निघाला.

तळ्यावरचा रोहू किंवा कटला तुमच्याकडे दोनशेच्या आसपास मिळत असेल. खवले, पोटातला भाग, कल्ले, काटा वजा जाता निम्मं मांस निघालं तरी किलोला चारशे. वर डोक्याचा रस्सा, आणि नशिबानं अंडी. तुमचा भंडारा तलावांचा जिल्हा. कोहळी लोकांनी बांधलेले हे मालगुजारी, म्हणजे जुन्या जमीनदारीच्या काळातले तलाव, त्यांवर मासे धरणाऱ्या ढिवर बांधवांची पोटं आहेत. पहाटे जाळं ओढून झाल्यावर तळ्याच्या पाळीवर वजन होऊन मिळणाऱ्या मासोळीच्या पुढे पाकिटाचं काही चालत नाही. ताजेपणात नाही, भावात नाही, चवीत तर नाहीच. यात मी पूर्णपणे सासूबाईंच्या बाजूची आहे.

पण सासूबाईंना एक गोष्ट विचार. पावसाळ्यात, तळ्यात जाळं पडत नाही तेव्हा, बाजारात थर्माकोलच्या पेटीतून जी मासोळी येते ती कुठली? ती बहुतेक आंध्रातली, कोल्लेरू-भीमावरमकडच्या शेततळ्यांतली, बर्फ घालून ट्रकमधून दोन-तीन दिवसांनी आपल्याकडे पोचलेली. तीही बर्फातलीच. फरक एवढाच की बर्फात ठेवलेली मासोळी शून्य अंशाच्या आसपास असते, तिथे बिघाड मंदावतो, थांबत नाही. नीट बर्फ असेल तर रोहू-कटल्यासारखी मासोळी आठ-दहा दिवस धड राहते, पण बर्फ वितळून पेटीत नुसतं पाणी उरलं असेल तर नाही. २०१८ मध्ये केरळात आणि गोव्यात बर्फातल्या मासोळीला फॉर्मेलिन, म्हणजे मुडदे टिकवायला वापरतात ते रसायन, लावल्याचं प्रकरण गाजलं होतं. त्याच वर्षी कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेनं ते तपासायच्या कागदी पट्ट्या बाहेर आणल्या. मी घाबरवायला सांगत नाही. पेटीतली घेताना कल्ला उचलून बघ, लाल आणि ओला हवा. डोळा फुगीर हवा, खोल गेलेला नको. बोटानं दाबलं की खड्डा भरून यायला हवा. आणि कल्ला चांगला पांढुरका पडलेला असून अंग मात्र रबरासारखं कडक आहे, माश्या बसत नाहीत, असं दिसलं तर हात मागे घे.

मग गोठवलेली मासोळी कधीच घेऊ नये का? घ्यावी, पण समुद्राची. आपल्यापासून समुद्र इतका लांब, ‘ताजा’ म्हणून मिळणारा बांगडा इथे येईस्तोवर कितीदा बर्फ बदलून झालेला असतो कोण जाणे. बोटीवर किंवा बंदरावर पोचताच गोठवलेला बांगडा त्यापेक्षा मला भरवशाचा वाटतो. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते, म्हणजे त्या काळात ‘आजच आला’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवायचा नाही. तेलकट मासा गोठवूनही फार दिवस ठेवू नये, आतलं तेल खवटतं. कडा पिवळसर दिसल्या तर तेच झालेलं असतं. तुकड्यावर पांढरे, कोरडे, कापसासारखे डाग म्हणजे बर्फाचा थर उडून मांस वाळलंय. पाकिटाच्या तळाशी गुलाबी बर्फ गोठलेला दिसला तर तो सुटून पुन्हा गोठलाय, ते पाकीट घेऊ नकोस. मटाराच्या पाकिटाचा एकच गोळा झाला असेल तर तेही. आणि दुकानाच्या उघड्या पेटीत आतल्या खुणेच्या रेषेच्या वर रचलेली पाकिटं घेऊ नकोस, खालून काढ.

घरी आणायची रीत माझ्या त्या सुरमईनंतर मी बदलली. दुकानात सगळं घेऊन झाल्यावर, बिलाच्या रांगेत लागायच्या आधी, गोठलेला माल शेवटी उचलते. सगळी पाकिटं एकमेकींना चिकटवून सात-आठ पानी वर्तमानपत्रांत घट्ट गुंडाळते, त्यावर जुनं ब्लँकेट, आणि ते बांधून थर्माकोलच्या डब्यात. मासोळीवाल्याकडे तसले रिकामे डबे मिळतात, घासून उन्हात वाळवायचे. बसच्या इंजिनाजवळची जागा टाळते. एप्रिल-मेमध्ये मी मासोळीचं पाकीट आणतच नाही, दीड तासाच्या वर वाट असेल तर तूही आणू नकोस. वाटाण्याचं तेवढं भय नाही. मासा सुटू द्यायचा तो फ्रीजच्या खालच्या भागात किंवा पिशवीसकट गार पाण्यात. ओट्यावर नाही. वाटाणा तर सोडवायचाच नाही, गोठलेला तसाच फोडणीत टाकायचा.

सासूबाईंचं काय करायचं, तर त्यांना पटवायला जाऊ नकोस, त्यांच्यासोबत गोठव. हिवाळ्यात तुरीचे सोले निघतील, वाटाणा स्वस्त होईल. अंगणात दोघी सोलायला बसा. मोठ्या पातेल्यात पाणी खळखळून उकळू दे, दाणे दीड-दोन मिनिटं टाक, चाळणीनं काढून लगेच गार पाण्यात, मग सुती धोतराच्या फडक्यावर पसरून पुरते कोरडे कर. ओले राहिले तर गोळा होतो. ताटलीत एकेरी थर करून बर्फाच्या कप्प्यात ठेव, खडखडीत झाले की लहान पिशव्यांत, एका वेळच्या भाजीपुरते, हवा दाबून बंद कर. कप्पा लहान असतो, एका दिवशी एकच ताटली. कारखान्याची बरोबरी होणार नाही, पण कप्पा चांगला थंड असेल तर होळीपर्यंत सोलेभात होतो. कप्प्याचा भरवसा नसेल तर सासूबाईंची जुनी रीत आहेच. हरभऱ्याची भाजी त्या सावलीत वाळवून डब्यात भरतच असतील, तिला लाईट लागत नाही.

राहिलं तुझं पोर. तो काट्याला घाबरतो म्हणून तू बासा आणतेस, हे मला कळलं. त्याचं उत्तर तुमच्याच बाजारात बादलीत पोहत असतं. मरळ. तिच्या मांसात रोहूसारखे बारीक, दुफाटी काटे नसतात, मधला कणा ओढून काढला की मांस मोकळं. ती हवेतही श्वास घेते, म्हणून जिवंत विकायला येते, त्याहून ताजं काय असणार? महाग आहे, चारशेच्या खाली क्वचित मिळते, वजावट धरली तर मांस बासापेक्षाही महाग पडेल, पण पैसे पाण्याला तरी जात नाहीत. महिन्यातून दोनदा आण. मधल्या दिवसांत मोठ्या कटल्याच्या पोटाकडचे तुकडे घे, तिथले काटे लांब आणि जाड असतात, बोटाला लागतात. पहिल्यांदा घास तू चिवडून दे. मग त्याच्या समोर एक काटा काढून ताटलीच्या काठावर ठेव आणि दुसरा त्याला काढू दे. सासूबाई शेजारी बसल्या असतील तर हे काम त्यांच्याकडे सोपव, त्यांची बोटं या कामाला तुझ्यापेक्षा सरावलेली असणार.

वाटीतल्या नाण्याचं काय झालं ते नवतपा संपल्यावर कळव.